नागपूर अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी राज्यपालांचं अभिभाषण का नसतं?

प्रश्न: अर्थसंकल्पी अधिवेशन अभिभाषणाने सुरू होतं, हिवाळी मात्र थेट कामकाजाने. असं का? आणि पहिल्या दिवशी नेमकं होतं काय?

प्रतिसाद १: राज्यघटनेचं कलम 176 बघा. अभिभाषण दोनदाच: सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनात. 2024 च्या डिसेंबरात निवडणुकीनंतर मुंबईत विशेष अधिवेशन झालं, म्हणून अभिभाषण तिथेच उरकलं.
एरवी पहिल्या दिवशी अध्यादेश (अधिवेशन नसताना राज्यपालांनी काढलेले तात्पुरते कायदे) पटलावर, म्हणजे सभागृहापुढे; तालिका सभाध्यक्षांची (अध्यक्ष नसताना कामकाज चालवणाऱ्या सदस्यांची) नावं, पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या), मग शोकप्रस्ताव. त्यानंतर सभागृह बहुधा दिवसभरासाठी तहकूब. म्हणून पहिल्याच दिवशी गरमागरम चर्चेची अपेक्षा ठेवून गॅलरीचा पास काढू नका. खरी गंमत विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणाबाजीत.

प्रतिसाद २: अध्यादेशाचं जरा नीट सांगतो. नुसता पटलावर ठेवून भागत नाही. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत विधेयक मंजूर झालं नाही तर तो आपोआप संपतो. विधानसभा आणि विधान परिषद वेगवेगळ्या तारखांना भरल्या, तर नंतरची तारीख धरतात. अधिवेशन आटोपशीर असलं की विधेयकांची घाई दिसते ती यामुळेच.

प्रतिसाद ३: गणपूर्तीही (कामकाजासाठी लागणारी किमान उपस्थिती) लक्षात असू द्या. एकूण सदस्यांच्या एक दशांश, पण किमान 10. म्हणजे 288 च्या विधानसभेत 29.