'च्यायला' शिवी की उद्गार?

अर्धविराम:
शनिवारी एका कविताकट्ट्यावर चार मिनिटांची कविता म्हणायची आहे. म्हणायची, वाचायची नाही. लहानपणी कावीळ झाली तेव्हा आजी मला एका बुवाकडे घेऊन गेली होती, त्यावर आहे. मधल्या दोन ओळी:

अंगारा चाटला, कावीळ काही उतरली नाही.
च्यायला, देव राहू दे, डॉक्टरही पावला नाही.

संयोजकांचा निरोप आला, "विषय श्रद्धेचा आहे, अपशब्द टाळा. 'अरेच्चा' चालेल." 'अरेच्चा' घालून म्हणून पाहिलं. बालनाट्य सुरू झाल्यासारखं वाटतं. तर 'च्यायला' ही शिवी आहे का? आणि चालत नसेल तर तेवढ्याच झटक्याचा दुसरा शब्द कोणता? (शेवटी 'मी पाखंडी' असं आहे. त्याला कोणाची हरकत नाही.)

खडूफळा:
'त्याच्या आईला' झिजून 'च्यायला'. क्रियापद केव्हाच गळलं. आता ते केवलप्रयोगी अव्यय, 'अबब'च्या पंगतीतलं. बोटावर हातोडी बसली की माणूस च्यायला म्हणतो, तेव्हा कोणाची आई काढतो? हातोडीची?
आणि संयोजकांना 'अपशब्द'चा अर्थ विचारा. पतंजलीच्या महाभाष्यात अपशब्द म्हणजे व्याकरणाला न पटणारं रूप. 'गौः' हा शब्द, आणि गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे त्याचे अपभ्रंश. त्या हिशेबानं आपली 'गाय'ही अपशब्द आणि तुमची अख्खी कविताच अपशब्द.

माळावरचा:
आमचा चुलतभाऊ छातीठोक सांगायचा की मूळ 'चहाला' आहे. च्याला, च्यायला. त्यानं हे मास्तरांनाही सांगितलं होतं. पुढचं सांगत नाही.

सुनंदाताई:
खडूफळा, क्रियापद गळलं, आई कुठे गळली? ती तिथेच उभी आहे. बुवा पुरुष, त्याच्या गल्ल्यावर बसलेला पुरुष, आणि चिडल्यावर तुम्हाला आठवते आई. भोंदूला झोडायचं तर भोंदूला झोडा. शिवाय मंचावर शिवी आली की लोक शिट्ट्या मारतात आणि कवीला वाटतं, मुद्दा पटला. नाथांचं 'रोडगा वाहीन तुला' ऐका. नवसाची एवढी टर उडवली आहे, पण शिवी एकही नाही.

तिठा:
शिवी नाही खरी, पण सासूला निर्दाळ, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, दादल्याची आहुती देते. यापेक्षा च्यायला परवडलं की.
आमचे आजोबा मालवणकडचे. पाऊस लांबला की देवघरापुढे उभे राहून ओरडायचे, "रे मेल्या, पावस खंय गेलो?" आजी कानांवर हात ठेवायची. संध्याकाळी सांजवात मात्र तेच लावायचे. देवाला शिवी घालायला आधी देव असावा लागतो. ज्याला संशय आहे त्यानं कोणाला घालायची? म्हणून मला ही ओळ आवडली. त्यातलं च्यायला देवाला नाही, डॉक्टरलाही नाही, नुसतंच सुटलंय.

सुनंदाताई:
सुटलेला दगड कोणाला लागतो तेही बघावं.

खडूफळा:
तुकोबांकडे बघा मग. शाळेत 'भले तरी देऊ कासेची लंगोटी' शिकवतात. गाथेत 'गांडीची' आहे. शिक्षकांच्या खोलीत हे बोललो तर एका सहकाऱ्यानं आठवडाभर अबोला धरला. गाथा उघडून दाखवली तर म्हणाला, छापखान्याची चूक असेल.

राजवाडा_इंदूर:
तो दाखला इथे लागू नाही. तिथे ते अंगाचं साधं नाव आहे, कोणाला घातलेली शिवी नव्हे. संशय घेताना तुकोबा काय विचारतात? 'नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पति'. यात शिवी घालायला जागा तरी आहे का?
ते राहू दे. अर्धविराम, इंदुरात 'मी पाखंडी' म्हणालात तर लोक तुम्हालाच बुवा समजतील. आमच्याकडे पाखंडी म्हणजे ढोंगी.

खडूफळा:
मराठीत पाखंडी म्हणजे धर्ममत न मानणारा. हिंदीची सावली मराठीवर पाडू नका.

राजवाडा_इंदूर:
आमची मराठी पिढ्यान्‌पिढ्या इथली आहे. आणि मूळच बघायचं तर अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे कुठलाही पंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान राखा असं तो सांगतो. तेव्हा तुमचा अर्थही बिघडलेलाच.

माळावरचा:
म्हणजे संयोजकांनी उद्गार काढायला लावला आणि खरी शिवी ठेवली?

तिठा:
त्यांना सांगू नका.

माळावरचा:
च्यायला आजीच्या तोंडी घाला. प्रश्न मिटला.

खडूफळा:
कोणाच्या तोंडी हेही जपून. गांधीजींवरच्या वसंत गुर्जरांच्या कवितेच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय, की कवीचं स्वातंत्र्य आहे म्हणून इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालता येत नाहीत.

माळावरचा:
आजी आदरणीय आहे, ऐतिहासिक नाही.

अर्धविराम:
आजी च्यायला म्हणायची नाही. "मुडदा बशिवला तुझा" म्हणायची. तेही बुवाला नाही, मला. अंगारा थुंकून टाकला म्हणून.

सुनंदाताई:
अगं, मग हेच घाल की! आईबिई काही नाही त्यात.

अर्धविराम:
पण ताई, त्यात मीच मरते. आणि नऊ अक्षरं लागतात, मला तीन हवीत.

वऱ्हाडी_पाहुणा:
वरचं सगळं वाचलं नाही. रोडग्याचं कोण बोललं? आमच्याकडे अकोल्याला रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, सोबत वांग्याची भाजी.

राजवाडा_इंदूर:
म्हणजे आमची बाटीच.

वऱ्हाडी_पाहुणा:
नाही हो. रोडग्याला आत पदर असतात.

खडूफळा:
'रोट'वरून रोडगा असणार.

अर्धविराम:
उद्या शनिवार आहे.

राजवाडा_इंदूर:
पदर असले म्हणून काय झालं? पीठ तेच, निखारे तेच.

वऱ्हाडी_पाहुणा:
बाटीचा नवस बोललेला ऐकलाय का कधी कोणी?