राली (नॉर्थ कॅरोलायना): अँड्र्यू जॉन्सनचं जन्मघर, बाबांना न्यावं का?

केरीकर:
मंडळी, आईबाबा रत्नागिरीहून आलेत, चांगले सहा महिने आहेत. बाबा इतिहासाचे रिटायर्ड मास्तर, त्यामुळे मॉल आणि कॉस्टको दोन आठवड्यांत संपलं आणि आता रोज चहाबरोबर एकच प्रश्न, "इथे जुनं काही नाहीच का रे?" अमेरिकेचे 17वे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन रालीतल्या कुठल्याशा गेस्टहाउसमध्ये जन्मले म्हणे. ते अजून आहे का, राहता येतं का? आईचा गुडघा दुखतो, त्यामुळे फार चालणं नको.

चहाबाज:
राहायचं विसरा हो, ते गेस्टहाउस म्हणजे कॅसोज इन, ती कधीच गेली. ती होती फेएटव्हिल स्ट्रीट आणि मॉर्गन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, कॅपिटलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, अगदी समोर. उरलंय ते तिच्या आवारातलं छोटंसं घर, स्वयंपाकघर म्हणून वापरायचे असं सांगतात, त्यात 29 डिसेंबर 1808ला हा जन्मला. पाहुण्यांच्या खोल्या गेल्या आणि नोकरमाणसांचं घर राहिलं, मला तरी हेच भारी वाटतं. ते घर इथून तिथे हलवत हलवत शेवटी मॉर्डकी पार्कात आणून ठेवलंय. आणि हो, स्पेलिंग बघून मॉर्डेकाय म्हणू नका, इथले लोक मॉर्डकीच म्हणतात, मी पहिल्यांदा हसं करून घेतलंय. पार्क छोटं आहे, काकूंना जमेल. घरं आतून बघायची तर टूर घ्यावी लागते, वेळा निघायच्या आधी साईटवर बघा, आम्ही न बघता गेलो आणि दार बंद.

साधासरळ:
जा, पण थोर नेता वगैरे समजून जाऊ नका. लिंकनच्या खुनानंतर 1865त अचानक गादी मिळाली, आणि मग 1866चा नागरी हक्कांचा कायदा यानेच व्हेटो केला, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो व्हेटो झुगारून पास केला ती गोष्ट वेगळी. स्वतः गुलाम बाळगणारा माणूस. 1868त महाभियोग, सिनेटमध्ये 35 विरुद्ध 19, पण दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागायची, म्हणजे एका मताने वाचला. तेच पार्क म्हणजे जुन्या प्लँटेशनची, गुलामांकडून कसून घेतलेल्या मोठ्या शेतीची, जागा आहे, तिथे राबलेल्या गुलामांबद्दलही विचारा टूरमध्ये.

चहाबाज:
मान्य आहे सगळं. पण बालपण ऐका ना, बाप बँकेत शिपाई, हा तीन वर्षांचा असताना गेला, आई विणकाम आणि धुणी करून घर चालवायची. शाळेचं तोंड नाही बघितलं, शिंप्याकडे कामाला बांधून टाकलेला, तिथून 1824त भावाबरोबर पळाला तर मालकाने पेपरात 10 डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली! काकांना आवडेल. जाताना कॅपिटलसमोरचा पुतळाही दाखवा, अध्यक्ष जॅक्सन घोड्यावर आणि अध्यक्ष पोक व आपला जॉन्सन दोन बाजूंना बसलेत.

केरीकर:
जाऊन आलो शनिवारी, थँक्यू सगळ्यांना. बाबा घराकडे बघून आधी "एवढंच?" म्हणाले, टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर याच्यापुढे वाडा आहे म्हणे. मग मात्र हात मागे बांधून बाहेरून लांबी पावलांनी मोजली, परत फिरून रुंदीही मोजली, आणि मास्तरी आवाजात, "यात चार माणसं राहायची आणि वर सराईचा स्वयंपाक?" आईला राजकारणात काही रस नाही, तिने फक्त एवढं विचारायला लावलं की एवढ्या पाहुण्यांना पाणी कोण भरायचं. गाईड बाई त्या एका प्रश्नावर दहा मिनिटं बोलली. साधासरळ, तुमचंही विचारलं, त्यावर बाबा परतीच्या वाटेत बराच वेळ गप्प होते.

आता नवीन भूत. टेनेसीत ग्रीनव्हिलला त्याचं शिंप्याचं दुकान जपून ठेवलंय, तिथे जायचंय. साडेचार-पाच तासांचा ड्राइव्ह आहे, आई शुद्ध शाकाहारी, मध्ये कुठे थांबायचं?

चहाबाज:
ॲशव्हिल. पण थालीपीठं बांधूनच घ्या बरोबर.