हिरड्यानं काळं केलेलं जुनं कापड शिलाईवर तुटतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुन्या हातमागाच्या सुती कापडातून तीन खिशांची, कामावर घालायची जॅकेटं शिवतोय. निळीत रंगवलेलं कापड छान टिकतं. प्रश्न हिरडा-हिराकसाच्या (हिराकस म्हणजे लोहाचा क्षार) काळ्या कापडाचा आहे. खिशाच्या वरच्या कोपऱ्यात कापड शिलाईच्या रेषेवरच फाटतं, दोरा मात्र शाबूत. हिराकसातलं लोह वर्षानुवर्षं सुताला कमजोर करतं. नखानं ओरखडलं तर बारीक काळा भुगा निघतो. त्यात 16 नंबरची जाड सुई आणि इंचाला 12 टाके, म्हणजे भोकांची रांगच.

आता त्याहून बारीक 14 नंबरची सुई, इंचाला 8 टाके आणि कोपऱ्यामागे धुऊन आटवलेल्या मांजरपाटाचा दीड इंची चौकोन असं ठरवलंय. चिकट बुकरम (इस्त्रीनं चिकटणारं कडक अस्तर) नको, त्याची कड कडक होते आणि कापड तिथंच मोडतं. पण नुसता चौकोन पुरेल, की पुढच्या दोन्ही भागांना आतून पूर्ण मलमल लावावी? मलमल लावली तर ती कच्च्या टाक्यांनी आधी बसवायची का?

दुसरं, नाशिकमध्ये सातपूर-अंबड किंवा भद्रकालीकडे दोन सुयांच्या मशीनवर, कडा एकमेकींत दुमडून शिवून देणारं कुणी आहे का? नग पाच-सहाच आहेत. अर्धा इंच मार्जिन सोडलंय, ते पुरेल का तेही सांगा.

निळीचा रंग हाताला लागतो त्यावर मीठ-व्हिनेगर कृपया सुचवू नका. नीळ धाग्यावर बसलेली असते, ती त्यानं पक्की होत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं चालू आहे.