मदत हवी आहे: होमलोन रिफायनान्स, कॅशबॅक घ्यावा की एलएमआय माफी? शुक्रवारी सही आहे

पारिजात_मेल
नमस्कार. घाईत आहे, मुद्द्याचंच लिहिते. आम्ही ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. आमचं होमलोन दुसऱ्या बँकेत न्यायचं चाललंय. नवी बँक ३,००० डॉलर कॅशबॅक देतेय. ब्रोकर सुरुवातीला म्हणाला होता, तुम्ही सरकारी नोकरीत आहात, एलएमआय (कमी डिपॉझिटमुळे लागणारा कर्जाचा विमा) माफ होईल. काल ऑफर आली, तर त्यात एलएमआय ९,८४० लावलंय आणि ते कर्जातच चढवलंय. विचारलं तर म्हणतो, "कॅशबॅक मिळतोय, दर कमी आहे, तीन वर्षांत वसूल." मला पटत नाहीये. सरकारी नोकरांना नक्की काय सवलत असते? आणि याहून जास्त कॅशबॅक कोण देतंय? शुक्रवारी सही करायची आहे. अनुभव असलेल्यांनीच सांगा, प्लीज.

सह्यकडा
सिडनीत दोनदा रिफायनान्स केलंय. २०२२ मध्ये ४,००० मिळाले होते. तेव्हा सगळ्या बँका वाटत सुटल्या होत्या. २०२३ च्या मध्यापर्यंत बहुतेक मोठ्या बँकांनी बंद केलं. आता ३,००० मिळत असतील तर घेऊन टाका, असं रोज मिळत नाही.

वेस्टगेट
सही करू नका. आधी हे सांगा: कर्ज किती शिल्लक आहे, घराची किंमत किती धरली आहे, सध्याचा दर किती, फिक्स्ड आहे का व्हेरिएबल, आणि नोकरी नक्की काय? 'सरकारी' एवढ्यावर कुणीच काही सांगू शकणार नाही.

भरती_ओहोटी
ताई, सरकारची ५ टक्के डिपॉझिटवाली योजना आहे की! १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पन्नाची मर्यादा काढली, किती जणांना द्यायची ही मर्यादाही काढली. मेलबर्नसाठी किमतीची मर्यादा ९५० हजार आहे. एलएमआय शून्य. त्यात जा.

वेस्टगेट
@भरती_ओहोटी, ती पहिलं घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे. यांचं घर घेऊन झालंय, रिफायनान्स म्हणतायत. वाचा तरी.

भरती_ओहोटी
पहिलं घर आहे की दुसरं, हे त्यांनी कुठे लिहिलंय? आणि आमच्या पर्थमध्ये कीस्टार्ट आहे, राज्य सरकारचं. ते एलएमआय घेतच नाहीत. मी स्वतः तिथून घेतलंय. व्हिक्टोरियात असं काही असेल तर शोधा, एवढंच म्हणतोय.

पारिजात_मेल
घर पहिलंच, पण २०२३ मध्ये घेतलंय. टारनीट उपनगरात. ६९० हजारांना, ८ टक्के डिपॉझिट भरून. तेव्हाही एलएमआय भरलं होतं, जवळजवळ १५ हजार. तेच परत का भरायचं हा माझा प्रश्न आहे. आता कर्ज ६३० हजार. नव्या बँकेने घर ७२० हजार धरलंय. दर ५.५४ देतायत. नोकरी पब्लिक हॉस्पिटलमध्ये, कायम.

कृत्तिका
मग झालं की! नर्स आणि मिडवाइफना काही बँका घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच्या कर्जावर एलएमआय माफ करतात. माझ्या बहिणीचं झालंय. रजिस्ट्रेशनचा नंबर द्यावा लागतो, पगाराची किमान अट असते, आणि ओव्हरटाइम सगळा धरत नाहीत. तुमच्या ब्रोकरने ती बँक दाखवलीच नाही म्हणजे त्याच्या यादीत नसेल. ब्रोकर बदला.

उंबरठा
माझं मत थोडं वेगळं आहे. एलएमआय वाईटच असं का धरता? उद्या घरातल्या कमावत्या माणसाचं काही झालं तर इन्शुरन्स कर्ज फेडतो. ९,८४० एकदाच भरून आयुष्यभराची निश्चिंती. भारतात आम्ही घेतलं होतं, त्याचा फार आधार वाटला.

वेस्टगेट
@उंबरठा, हे अतिशय चुकीचं आहे आणि कृपया कुणी यावर विसंबू नका. एलएमआय म्हणजे लेंडर्स मॉर्टगेज इन्शुरन्स. नावातच आहे, ते बँकेचं संरक्षण आहे. हप्ते थकले, घर विकलं आणि तरी पैसे कमी पडले, तर विमा कंपनी बँकेची तूट भरते आणि मग तीच रक्कम कर्जदाराकडून वसूल करू शकते. हप्ता आपण भरायचा, संरक्षण बँकेला. भारतात तुम्ही घेतलं असेल ते कर्जाला जोडलेलं आयुर्विम्याचं कवच. इथे तसं हवं असेल तर वेगळा लाइफ किंवा इन्कम प्रोटेक्शन घ्यावा लागतो. सुपरमध्ये (निवृत्ती निधीत) बहुतेकांना थोडा असतो, तोही तपासा.

उंबरठा
बरं, फरक समजला. पण तूट आपल्याकडूनच वसूल करणार असतील तर हप्ता कसला घेतात?

वेस्टगेट
२० टक्क्यांपेक्षा कमी डिपॉझिटवर कर्ज मिळण्याची किंमत, असं समजा. आणि @पारिजात_मेल, तुमच्या 'परत का' चं उत्तर हेच: विमा त्या बँकेने त्या कर्जासाठी काढलेला असतो. तुम्ही बँक सोडली की तो तिथेच संपतो. पूर्वी लवकर फेडलं तर थोडा परतावा मिळायचा, आता नव्या कर्जांवर तो मिळत नाही असंच धरा.

पारिजात_मेल
मी नर्स आहे असं मी कुठे म्हटलं? मेडिकल रेकॉर्ड्समध्ये आहे. पगार वर्षाला ७८ हजार. पण पब्लिक हॉस्पिटल म्हणजे सरकारीच ना? ब्रोकरला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

कृत्तिका
अरेरे, मग ती माफी बसणार नाही. ती पेशावर असते, कोण पगार देतं यावर नाही. खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सलाही मिळते. शिक्षक, पोलीस, अग्निशमन यांच्या सभासद-बँका आहेत, पण तिथेही ८० टक्क्यांच्या वर प्रत्येकाचे वेगळे नियम. तुमच्या ब्रोकरने सरकारी ऐकून माझ्यासारखंच गृहीत धरलं असावं.

नाशिककर_काका
मुलीसारखी आहेस म्हणून सांगतो. मी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालो. आम्हाला घरबांधणी अग्रिम मिळायचं. सातव्या वेतन आयोगानंतर ३४ महिन्यांचं मूळ वेतन किंवा २५ लाख, यातलं कमी ते. आधी मुद्दल १८० हप्त्यांत फेडायचं, मग व्याज ६० हप्त्यांत, आणि व्याज साधं. बँकेचं कर्ज फेडायलासुद्धा ते घेता येतं, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. घराचा विमा मात्र काढावाच लागतो. तिकडच्या सरकारने असं काही ठेवलं असेल तर आस्थापना विभागात लेखी अर्ज करून विचारावं. तोंडी विचारलं की नाही म्हणतात.

कॅनबेराकर
काका, इथे तसं नाही. मी फेडरल खात्यात नऊ वर्षं आहे. सरकारी नोकर म्हणून होमलोनवर मला एक डॉलरची सवलत मिळालेली नाही. नोकरी पक्की म्हणून बँक पटकन हो म्हणते, तेवढंच.

सह्यकडा
काका, माझ्या भावाला हे उपयोगी पडेल, तो पोस्टात आहे. व्यनि (खासगी निरोप) करतो.

नाशिककर_काका
अवश्य करा.

तांबडी_माती
@पारिजात_मेल, सगळे बँकांचं बोलतायत, तुमचा खरा फायदा दुसरीकडेच आहे. पब्लिक हॉस्पिटलमध्ये कायम आहात, म्हणजे सॅलरी पॅकेजिंग मिळायला हवं. घेता का?

पारिजात_मेल
ते गाडीचं ना? जॉइन झाले तेव्हा फॉर्म आला होता. आम्हाला नवी गाडी नको होती म्हणून सोडून दिलं.

तांबडी_माती
गाडीचं नोव्हेटेड लीज वेगळं. मी म्हणते ते असं: पब्लिक हॉस्पिटल आणि अॅम्ब्युलन्सच्या नोकरदारांना वर्षाला ९,०१० डॉलरपर्यंतचा खर्च कर कापण्याआधीच्या पगारातून करता येतो, आणि त्यात होमलोनचे हप्ते चालतात! मी फार्मसीत आहे, सहा वर्षं हेच करते. तुमच्या पगाराला मेडिकेअर धरून ३२ टक्के कर पडतो. ९,०१० वर वाचतात २,८८०. पॅकेजिंग कंपनीची फी जाईल त्यातून. पण हे दर वर्षी. तुमचा कॅशबॅक एकदाच.

कॅनबेराकर
हे आम्हाला नाही. खात्रीने सांगतो, खात्यात पुष्कळदा विचारलंय.

तांबडी_माती
बरोबर, म्हणूनच 'सरकारी' हा शब्द घोळ करतो. सवलत हॉस्पिटलला आहे, सरकारला नाही. आणि पारिजात, हे एफबीटीचं (अशा सवलतींवरच्या कराचं) वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. मर्यादा अख्ख्या वर्षाची असते, मध्ये सुरू केलं म्हणून कमी होत नाही. आत्ता नोव्हेंबर. लगेच फॉर्म भरलात तर मार्चपर्यंत पंधरवड्याचे नऊ पगार मिळतील, दर पगारातून हजार लावलेत तरी यंदाचे जवळजवळ पूर्ण होतात. तीन हजारांच्या कॅशबॅकसाठी झोप उडवू नका, हा फॉर्म उद्या भरा.

वेस्टगेट
चांगलं सांगितलंत. एक जोड: ९,०१० घेतले की वर्षाच्या उत्पन्नाच्या कागदावर १७,००० च्या आसपास रिपोर्टेबल बेनिफिट दिसतो. त्यावर कर नाही, पण हेक्सची (शिक्षणाच्या सरकारी कर्जाची) परतफेड आणि चाइल्डकेअर सबसिडी मोजताना तो विचारात घेतात. मूल डेकेअरला जात असेल तर आधी हिशोब करा.

पारिजात_मेल
मुलगी शाळेत आहे, हेक्स नाही. चार वर्षं मी हे घेतलं नाही हे वाचून रडू येतंय खरंच. कुणी सांगितलं नाही. उद्याच एचआरला मेल करते. पण शुक्रवारचं काय? दर ५.५४ तर चांगला आहे ना?

वेस्टगेट
सध्याचा दर अजून सांगितला नाहीत.

पारिजात_मेल
अर्धं ६.०९ ने फिक्स्ड, जून २०२६ पर्यंत. अर्धं व्हेरिएबल, ५.९४.

वेस्टगेट
फिक्स्ड आहे हे आत्ता सांगताय! मी अकरा वर्षं लोन प्रोसेसिंगमध्ये काढली आहेत, अर्ध्या रडारडी इथेच होतात. फिक्स्ड मध्येच मोडलं की ब्रेक कॉस्ट लागते. इथल्या रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टमध्ये दर उतरवले, ४.३५ चा ३.६० झाला. दर उतरले की ब्रेक कॉस्ट चढते. आजच बँकेला फोन करून लेखी आकडा मागा.
आता हिशोब. नव्या दराने वर्षाला तीन हजारांच्या आसपास वाचतील. त्यातून ९,८४० एलएमआय, वर त्यावर व्याज, वर ब्रेक कॉस्ट. आणि कॅशबॅकच्या अटी वाचल्यात? बऱ्याच ऑफर घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या आतल्या कर्जांनाच असतात. तुमचं ८७.५ आहे.

पारिजात_मेल
आत्ता पीडीएफ उघडून वाचलं. तुमचं खरं आहे. 'कमाल एलव्हीआर ८० टक्के' (घराच्या किमतीच्या तुलनेत कर्ज) असं बारीक अक्षरात तिसऱ्या पानावर आहे. म्हणजे मला कॅशबॅक मिळणारच नव्हता. ब्रोकरला फोन केला, तो म्हणाला बघून सांगतो. हात थरथरतायत माझे.

कृत्तिका
ताई, शांत व्हा. सही झालेली नाही. ब्रोकरने ग्राहकाच्या हिताचंच सुचवायचं हा २०२१ पासून कायदा आहे. त्याच्याकडून सगळं लेखी घ्या. पटलं नाही तर आधी त्याच्याच कंपनीकडे तक्रार, मग एएफसीएकडे (आर्थिक तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था). ती तक्रार फुकट असते.

सह्यकडा
मी घाईत 'घेऊन टाका' म्हटलं, ते मागे घेतो. माझं कर्ज ८० च्या आत होतं, त्यामुळे हे माझ्यासमोर आलंच नाही.

वेस्टगेट
आता दोन कामं. एक, सध्याच्या बँकेला सांगा की तुम्ही जाताय, व्हेरिएबलचा दर कमी करा. डिस्चार्ज (कर्ज बंद करण्याचा) फॉर्म मागितला की त्यांचा फोन येतो. दोन, दुसऱ्या एकदोन बँकांकडून व्हॅल्युएशन करून घ्या. बहुतेकदा फुकट असतं. एकाच घराची किंमत दोन बँका चाळीस हजारांच्या फरकाने धरतात, हे मी रोज बघितलंय.
आणि ऑफसेटमध्ये, म्हणजे कर्जाला जोडलेल्या बचत खात्यात, काही आहे का?

पारिजात_मेल
आहेत, ३१ हजार. ते महत्त्वाचं आहे का?

भरती_ओहोटी
अहो ताई!! फारच महत्त्वाचं आहे.

पुणेरी_पगडी
अवांतर: रेकॉर्ड्समध्ये नोकरी कशी मिळाली? माझ्या बायकोने भारतात हॉस्पिटल अॅडमिनमध्ये सात वर्षं काम केलंय, इथे मुलाखतीलाच बोलावत नाहीत. कृपया सांगाल का?

पारिजात_मेल
@पुणेरी_पगडी, व्यनि करा, नक्की सांगते. मीही दीड वर्ष घरी बसले होते.

पारिजात_मेल
सोमवार. अपडेट देते. शुक्रवारी सही केली नाही. ब्रेक कॉस्ट १,१४० सांगितली. सध्याच्या बँकेने व्हेरिएबल ५.६९ केला, पंधरा मिनिटांच्या फोनवर. दुसऱ्या बँकेचं व्हॅल्युएशन ७५५ आलं.

वेस्टगेट
उत्तम. ७५५ चे ८० टक्के म्हणजे ६०४. ऑफसेटमधले २६ कर्जात भरलेत की तुम्ही ८० वर येता. एलएमआय नाही, माफीची भीक नाही, आणि कॅशबॅकच्या अटीतही बसता.

तांबडी_माती
आणि हातात उरले ५ हजार. नको. मिस्टरांची नोकरी कसली आहे? घरात सहा महिन्यांचे पैसे असल्याशिवाय मी असं कुणाला सांगणार नाही.

वेस्टगेट
दर महिन्याला व्याज जातंय तेही बघा ना.

तांबडी_माती
बघितलं. व्हेरिएबल ५.६९ झाल्यावर फरक उरला अर्ध्या कर्जापुरता, तोही जूनपर्यंत. त्यासाठी ब्रेक कॉस्ट भरून हात रिकामे करायचे? माझ्या घरी एकदा असं झालंय. नवऱ्याचं काम गेलं आणि पैसे कर्जात अडकले होते. रीड्रॉ (जादा भरलेले पैसे परत) मागितला तर बँकेने आठवडे लावले.

पारिजात_मेल
तो एबीएनवर (स्वतंत्र कंत्राटदार) आहे, कॉन्ट्रॅक्ट एप्रिलपर्यंत. म्हणून आम्ही ठरवलंय, जूनमध्ये फिक्स्ड संपलं की हलायचं. तोपर्यंत कर्जही थोडं उतरेल, ऑफसेटही वाढेल. पॅकेजिंगचा फॉर्म आज भरला, पुढच्या पगारापासून सुरू. वेस्टगेट दादा, तांबडी ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.
एकच शेवटचं: फॉर्मसोबत लोनचं स्टेटमेंट मागितलंय. ते दोघांच्या नावावर आहे. चालेल का?

तांबडी_माती
चालतं. आमचंही दोघांचंच आहे. तुमचं नाव स्टेटमेंटवर दिसलं पाहिजे, आणि शक्यतो घराचा पत्ताही. आमचं पहिलं पत्त्याविना होतं म्हणून परत आलं होतं.