एनक्लेक्स: पंच्याऐंशी प्रश्नांनंतर धीर सुटतो

प्रश्न
पुढच्या महिन्यात माझी एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठीची, परीक्षा आहे. अतिदक्षता विभागात रात्रपाळी करताना माझे हात कधी थरथरत नाहीत. पण सराव परीक्षा ८५ प्रश्नांनंतरही संपली नाही, की आपण नापास झालो असे वाटून छातीत धडधडू लागते आणि पुढचा प्रश्न दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. यावर काय करावे?

उत्तर १
ताई, ८५ हा किमान आकडा आहे, उत्तीर्ण झाल्याची खूण नव्हे. आपण देत असलेल्या उत्तरांनुसार संगणक पुढचा प्रश्न निवडतो आणि आपली पात्रता आवश्यक पातळीच्या वर आहे की खाली, हे ९५ टक्के खात्रीने ठरेपर्यंत, फार तर १५० प्रश्नांपर्यंत, परीक्षा चालू राहू शकते. त्यामुळे शहाऐंशीवा प्रश्न आला, तर निर्णय अजून व्हायचा आहे एवढाच त्याचा अर्थ. शिवाय काही प्रश्न केवळ ते प्रश्नच कसे आहेत हे तपासून पाहण्यासाठी असतात, त्यांचे गुण धरलेच जात नाहीत.

उत्तर २
मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, ही मला तरी सोयच वाटते. उत्तर नोंदवल्यावर एक सावकाश श्वास सोडावा आणि मगच पुढचा प्रश्न वाचावा. सरावातही हेच करावे. विश्रांतीचा वेळ परीक्षेच्या पाच तासांतूनच जातो, तरी ती घ्यावी. आदल्या रात्रीची पाळी मात्र काहीही करून बदलून घ्या.

उत्तर ३
धडधड रोजचीच झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सहकाऱ्याने सुचवलेली गोळी परस्पर घेऊ नका.