सातेरी या देशी मधमाशीचं मोहोळ भिंतीतून काढायला घरगुती व्हॅक्यूम: माश्या का मरतात?

प्रश्न: २० लिटरच्या बादलीला दुकानातला व्हॅक्यूम क्लिनर जोडला. भिंतीच्या पोकळीतली सातेरी आत येते, पण निम्मी मेलेली निघते. काय चुकतंय?

उत्तर १: ओढ जास्त आहे. क्लिनर आणि बादलीच्या मधल्या पाइपला ४० मिलिमीटरचं भोक पाडून त्यावर सरकतं झाकण लावा. आधी भोक पूर्ण उघडं ठेवा, मग हळूहळू झाका. माश्या ओढणाऱ्या पाइपचं तोंड पोळ्यापासून बोटभर अंतरावर धरल्यावर माशी जेमतेम उचलली जाते, तिथेच थांबा. माश्यांचा पाइप आतून गुळगुळीतच हवा. वळ्यांच्या पाइपमध्ये त्या आपटत येतात. हा पाइप बादलीत जिथे शिरतो त्यासमोर जाड स्पंज चिकटवा.

उत्तर २: बादलीतून क्लिनरकडे हवा जाते तिथली, माश्यांना अडवणारी जाळीही तपासा. सातेरी लहान असते, म्हणून भोकं २ मिलिमीटरची घ्या. जाळी पसरट ठेवा. लहान जाळीवर सगळा वारा एकवटतो आणि माश्या तिला चिकटून चिरडल्या जातात. मध सांडलेल्या पोळ्यावर तोंड कधीही लावू नका, चिकट माश्या एकमेकींना गुदमरवतात. आधी माश्या ओढा, मग मधाचा भाग कापा.

उत्तर ३: मशीन बंद केल्याबरोबर जाळीचं झाकण लावून बादली सावलीत न्या, नाहीतर उष्णतेनेच घोळका मरतो. राणी दिसली तर हाताने राणी-पिंजऱ्यात घ्या, ओढू नका. फांदीला लटकलेल्या थव्याला तर हे यंत्र लागतच नाही, मधपेटीत झटकणं पुरे. आग्या या मोठ्या रानटी मधमाशीवर वापरू नका, ती पेटीत टिकत नाही.