स्टार्टअपचं पहिलं वर्ष: अनुभवी मंडळी, कामाचं लिहा

'चिकाटी सोडू नका' हे नव्या संस्थापकांना सगळेच सांगतात. इथे आत्मकथन नको. काय केलं की काय बिघडतं, का बिघडतं आणि आकडा कसा मांडायचा, तेवढं लिहा.

*

ग्राहकाला 'असं ॲप काढलं तर वापराल का?' हे विचारूच नका. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. 'हे काम शेवटचं कधी केलंत? कसं केलंत, दाखवता का?' असं विचारा आणि गप्प बसा. माणूस लॅपटॉप तुमच्याकडे वळवतो, एक्सेल उघडतो. काही ओळी पिवळ्या केलेल्या असतात, शेजारच्या रकान्यात 'दोनदा फोन केला' अशी नोंद असते. त्या पिवळ्या ओळींचं पुढे काय होतं ते खोदून विचारा, खरी अडचण तिथे सापडते. ज्याने असा काहीच जुगाड केलेला नाही, त्याला ती अडचण फारशी छळत नाही असं समजा.

माणसं एकाच प्रकारची निवडा. साधारण १२ ते १५ भेटींनंतर तीच वाक्यं परत ऐकू यायला लागतात. पाच डॉक्टर, पाच व्यापारी, पाच विद्यार्थी अशी सरमिसळ केली तर हाती काहीच लागत नाही. उठण्यापूर्वी काहीतरी मागा: आगाऊ रक्कम, नाहीतर चाचणीसाठी खरा डेटा. तिथे टाळाटाळ झाली की आधीचा 'हो' किती खरा होता ते कळतं.

*

वरच्याला पुरवणी. कोड लिहिण्याआधी काम हाताने करून बघा. ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोस या अमेरिकन कंपनीची सुरुवात १९९९ साली अशीच झाली: दुकानातल्या बुटांचे फोटो संकेतस्थळावर टाकायचे आणि ऑर्डर आली की तोच जोड दुकानातून विकत घेऊन पाठवायचा. प्रत्येक ऑर्डरवर तोटा, पण लोक न घालून बघता बूट घेतात की नाही, याचं उत्तर मिळालं.

*

एकूण नोंदणीचा आलेख कधीच खाली येत नाही, म्हणून तो बघण्यात अर्थ नाही. आठवड्यानुसार गट पाडा. एका आठवड्यात ४० जण आले. त्यातले चौथ्या आठवड्यात १२, आठव्यात ११, बाराव्यात ११ वापरताहेत, तर रेघ सपाट झाली, पाया आहे. तेच १२, ५, १ असं असेल तर जाहिरातीवरचा खर्च त्याच दिवशी थांबवा. गळक्या माठात पाणी ओतणं चाललंय. आणि 'वापर' म्हणजे लॉगिन नव्हे; ज्या कामासाठी माणूस आला ते काम पूर्ण झालं, तरच मोजा.

*

पैशाचं गणित. हातात २४ लाख, महिन्याला ४ लाख जातात, २ लाख येतात. म्हणजे १२ महिने. हे कागदावर. येणारे पैसे दोन महिने उशिरा सुरू झाले तर पहिल्या दोन महिन्यांतच ८ लाख जातात, उरलेले १६ लाख ८ महिने पुरतात. बाराचे दहा झाले, आणि कोणी उधळपट्टीही केलेली नाही. म्हणून बिल पाठवल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख, दोन्ही रकाने ठेवा. निधी उभारायला सहा महिने सहज लागतात. तीन महिने उरल्यावर सुरुवात केली तर घासाघीस करायची ताकदच उरत नाही.

*

भागीदारी गोडीगुलाबीत असतानाच वेस्टिंगचा करार करा, म्हणजे हिस्सा एकदम नाही, काम करत राहाल तसा थोडा थोडा नावावर होतो. सर्वसाधारण पद्धत चार वर्षांची: पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काही नाही, ते झालं की एकदम चौथा हिस्सा, मग दरमहा ४८ वा. ४०% वाला भागीदार दीड वर्षाने गेला तर त्याच्याकडे १५% राहतात. करार नसेल तर पूर्ण ४०%, आणि पुढचा गुंतवणूकदार तिथेच अडतो. कोड, डिझाइन, डोमेन कंपनीच्या नावावर करून घ्या. डोमेन हमखास कोणाच्या तरी खासगी ईमेलवर घेतलेलं असतं.

*

टर्मशीटमधली, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदातली, एकच ओळ सांगते. गुंतवणुकीपूर्वी ८ कोटी मूल्य, २ कोटी येणार; संस्थापकांचे ८०% वाटतात. पण '१०% ऑप्शन पूल (पुढच्या कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शेअर) गुंतवणुकीपूर्वीच्या मूल्यात धरावा' असं लिहिलं असेल तर संस्थापकांकडे ७० राहतात, खरं मूल्य ७ कोटी झालं. पूल नंतर काढला तर भार दोघांवर पडतो: संस्थापकांकडे ७२ आणि गुंतवणूकदाराकडे १८. वाद घालण्याऐवजी पुढच्या १८ महिन्यांत कोणती पदं भरणार, प्रत्येकाला किती टक्के लागतील, याची यादी समोर ठेवा. बेरीज ६% आली तर पूल ६ चाच मागा.